पाननिरीचा रंग

"लिहू नका मॅडम. मेलेलं फूल हाय थे. राख झाली त्याची."

सोमारीबाई असं म्हणाल्या तेव्हा ते फूल माझ्या तळहातावर होतं, आणि ते निळं होतं. फिकट नाही, जांभळट नाही. शाईची दौत सांडावी तसं गडद निळं. मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुठल्या फुलाबद्दल बोलताहेत. मी मागे वळून पाहिलं. बोडीच्या काठाला, जिथे चिखल संपून पाणी सुरू होतं, तिथे ही एकच वनस्पती फुललेली होती.

"हेच का?" मी हात त्यांच्या चेहऱ्याजवळ नेला.

"हेच त. पाननिरी होती थे. आता निरी कुठी राह्यली?"

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या बोलीत 'ळ' फारसा नसतो. डोळा तिथे डोरा होतो, काळं ते कारं आणि निळं ते निरं. पाननिरी म्हणजे पाण्यातली निळी. रंग नावातच होता. आणि ते नाव मला सांगणारी बाई त्या रंगाकडे बघून तो नाहीच म्हणत होती.

मी चिमूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या नोव्हेंबरात पळसगोंदी गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायचं काम माझ्याकडे आलं होतं. गावच्या हद्दीत कोणतं झाड आहे, कोणतं गवत, कोणता मासा, गावात त्याला काय म्हणतात आणि त्याचा वापर कशासाठी होतो, हे गावकऱ्यांनाच विचारून त्या वहीत लिहायचं असतं. पहिल्या दिवशी चौकात बसलेल्या पाच जणांना मी विचारलं, "रानात कोणाला बरोबर नेऊ?" पाचही जणांनी एकच नाव घेतलं.

सोमारीबाई तेव्हा पासष्टीच्या आसपास होत्या. माहेर वैनगंगेपलीकडचं, गडचिरोलीकडच्या जंगलातलं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन या गोंडांच्या आणि कुणब्यांच्या मिळून असलेल्या गावात आल्या. नवरा पत्रू वीस वर्षांपूर्वी तापाने गेला. एक मुलगा, दिनेश, घरची तीन एकर धानाची शेती बघायचा. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पायाखाली काय आलं ते खाली न बघता सांगायच्या. पान बोटांत चुरायच्या, हुंगायच्या, जिभेच्या टोकाला लावायच्या आणि नाव घ्यायच्या. तीन दिवसांत त्यांनी मला एकशे चाळीस नावं सांगितली. त्यातली तीस मला माहीत नव्हती.

गावाचा त्यांच्यावर एवढा भरवसा का, तेही मला पहिल्याच दिवशी कळलं. पुष्कळ वर्षांपूर्वी श्रावणात एका घरी बारसं होतं. जेवणासाठी टोपलीभर सात्या आणल्या होत्या. सात्या म्हणजे रानातल्या अळिंब्या. सोमारीबाई पोचल्या, टोपलीवरून हात फिरवला, एक सात्या हुंगली आणि काही न बोलता अख्खी टोपली उकिरड्यावर नेऊन ओतली. बाळाचा बाप भांडायला उठला. तिसऱ्या दिवशी उकिरडा उकरणारी दोन कुत्री तडफडून मेली. त्या दिवसापासून झाडपाल्याच्या बाबतीत सोमारीबाई म्हणतील ते खरं, असं ठरून गेलं. ते कोणी ठराव करून ठरवलं नव्हतं. पण कुठलाही ठराव एवढा पक्का राहिला नसता.

आणि आता त्या माझ्यासमोर एका निळ्या फुलाला राख म्हणत होत्या.

मी भिंग काढलं. भाल्याच्या पात्यासारखी अरुंद पानं, पाच पाकळ्या, तळाशी पांढरट, आणि मधोमध एकाऐवजी दोन बारीक धागे, शिंगांसारखे फाकलेले. ते दोन धागे दिसले की शंका उरत नाही. पुस्तकात याला हायड्रोलिया झेलॅनिका म्हणतात. आपल्याकडचंच, पाणथळ जागेतलं, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे बांध घातलेल्या शेतांच्या, आणि तळ्यांच्या कडेला येणारं. रंग पुस्तकात एका शब्दात दिलेला असतो, निळा.

"पान तेच हाय," बाई म्हणाल्या. त्यांनी पान चुरून जिभेला लावलं. "कडूबी तसंच हाय. पन जीव गेला त्याच्यातला."

"कशाने?"

"हरिदासच्या दवाईनं."

मग त्यांनी काठावर बसून सगळं सांगितलं. ही बोडी, म्हणजे शेतांना पाणी देणारं लहान तळं, गावाची. बोडीला लागून हरिदासचं शेत. आठ वर्षांपूर्वी त्याने आपल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तण मारायचं औषध फवारलं. बोडीच्या काठाचं गवत पिवळं पडलं, त्याबरोबर पाननिरीही वाळली. पुढच्या वर्षी ती परत उगवली खरी, पण फुलली ती राखेच्या रंगाची.

"मी थे फूल घेऊन ग्रामसभेत गेली. म्हनलं, बघा. बोडीचं पानी पितात ढोरं, धुतात बाया. या पानाचा लेप आमी चिखल्यांवर लावतो. आता फुलाचा रंग उतरला म्हनजे जहर पार मुऱ्यांत गेलं. कोनी लावू नका."

चिखल्या म्हणजे धानाच्या रोवण्यात दिवसभर चिखलात उभं राहून पायाच्या बोटांमध्ये होणाऱ्या जखमा. त्या गावातली प्रत्येक बाई पावसाळ्यात त्या पायांवर वागवते.

"आणि हरिदास काय म्हणाला?"

"खोटं बोलला. म्हने, फूल निरंच हाय. सगऱ्या गावासमोर, फूल हातात घेऊन, म्हने निरं हाय." हातातलं पान त्यांनी चिखलात फेकलं. "दवा मारली म्हनून मले तेवढा राग नाई मॅडम. मानसाच्या हातून होते. पन डोऱ्यासमोरचं खोटं बोलला."

पुढच्या पावसाळ्यात हरिदासच्या शेतात रोवण्याला गावातली एकही बाई गेली नाही. त्याच्याकडे बोडीचं पाणी वाटायचं काम होतं, तेही काढून घेतलं. दुसऱ्या वर्षी त्याची बांधी पडीक राहिली. मग तो बायकोला घेऊन कोरपन्याकडे निघून गेला.

मी विचारलं, "बाई, माझी ओढणी कोणत्या रंगाची आहे?"

"मातीची."

ती मोरपंखी होती.

"आणि तुमचं लुगडं?"

"राखडी. दिनेशनं आनलं. म्हातारी झाली म्हनून असं आनलं त्यानं."

त्यांच्या अंगावर ठळक निळं लुगडं होतं, पिवळ्या काठाचं.

"आणि आभाळ?"

त्यांनी मान वर केली. नोव्हेंबरचं आभाळ होतं, एक ढग नव्हता. "आभार आता असंच असते मॅडम. धुरकट. फॅक्टऱ्या किती झाल्या."

मी त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. बुबुळाच्या मधोमध, जिथे काळं असायला हवं, तिथे तपकिरी होतं, जुन्या मधासारखं. तीन दिवस मी या बाईच्या मागे रानात फिरत होते. त्या माझ्यापेक्षा भराभर चालत होत्या. त्यांना दिसत नसेल अशी शंका मला एकदाही आली नव्हती. आता आठवलं, त्यांनी प्रत्येक पान बोटांनीच ओळखलं होतं.

"सोमारीबाई," मी म्हणाले, "हे फूल निळं आहे."

त्या उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमाले हरिदासनं पाठवलं का?"

घरापर्यंत त्या माझ्या दहा पावलं पुढे चालत होत्या. अंगणात दिनेश नांगराचा फाळ घासत होता. मी फूल त्याच्या हातात दिलं. "दिनेशभाऊ, याचा रंग सांगा."

त्याने फुलाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग पुन्हा फुलाकडे.

"फिक्कं झालं ना मॅडम थे," तो म्हणाला.

तरणाताठा माणूस, डोळ्यांनी धडधाकट, हातात निळं फूल धरून मला फिक्कं झालं म्हणत होता. आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरून सरळ दिसत होतं की तो मन लावून बघत होता आणि त्याला खरोखर ते फिक्कं वाटत होतं.

चुलीपाशी बसलेली त्याची बायको पुनम हळूच म्हणाली, "निरं हाय."

दिनेश वळला. "काय?"

"निरं हाय थे. चार वरसांपासून बघून राह्यली मी. लगन होऊन आली तवापासून." ती गोंधळून गेली होती. "तुमी सगरे म्हनत त मले वाटे, तुमी दुसऱ्याच फुलाचं बोलता."

सोमारीबाईंनी दिनेशच्या हातून फूल घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, दूर धरलं, सूर्याकडे धरलं. मग खाली टाकलं.

"चला," त्या मला म्हणाल्या. "कुठी दाखवायचे डोरे? मंग तुमी त्या वहीत लिहा का सोमारीचे डोरे साबूत हाय."

मला खोटं पाडायलाच त्या चंद्रपूरला आल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरणीने दोन्ही डोळे तपासले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "या बाई एकट्या रानात फिरतात? मोतीबिंदू पिकून तपकिरी झालाय, दोन्हीकडे. आकार दिसतात, हालचाल दिसते. पण अशा मोतीबिंदूतून निळा उजेड आत जातच नाही. निळ्याच्या जागी त्यांना मातकट नाहीतर राखाडी दिसत असणार. एका दिवसात होत नाही हे. वर्षानुवर्षं रंग उतरत जातो आणि माणसाला वाटतं, जगाचाच रंग उतरला."

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. पटल्याची ती मान नव्हती, ऐकून घेतल्याची होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा दिनेश आणि मी तिथेच होतो. मोतीबिंदूची पट्टी निघाल्यावर माणसं हसतात, रडतात, नातवाचं तोंड बघायला मागतात. सोमारीबाईंनी यातलं काही केलं नाही. त्या कॉटवर ताठ बसल्या आणि समोर बघत राहिल्या. समोर भिंतीला टेकून सफाईवाल्या बाईची प्लॅस्टिकची बादली होती.

"थे काय हाय?" त्यांनी विचारलं.

"बादली हाय माय," दिनेश म्हणाला.

"रंग कोनता?"

"निरा."

त्या बघतच राहिल्या. मग त्यांची नजर खाली आली. दिनेशने घरून आणलेलं तेच लुगडं त्या नेसल्या होत्या. त्यांनी पदर दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला. पदर भाजल्यासारखा त्यांनी सोडून दिला. परिचारिका धावली, तिला वाटलं काही दुखतंय.

"माय, काय झालं?" दिनेश घाबरला.

"हरिदास खोटं नाई बोलला," सोमारीबाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

डॉक्टरणीने तीन आठवडे रानात जायचं नाही म्हणून बजावलं होतं. बाईंनी ते पाळलं. बाविसाव्या दिवशी मला दिनेशचा फोन आला, "माय बोडीवर जातो म्हनते. तुमाले बोलावून राह्यली."

डिसेंबर संपत आला होता. बोडीचं पाणी बरंच मागे गेलं होतं, पण ओल धरून राहिलेल्या एका खोलगट जागी पाननिरीची पाच-सहा झुडपं अजून फुललेली होती. काळा चष्मा लावून सोमारीबाई तिथे उकिडव्या बसल्या. चष्मा काढला. एका हाताने उजवा डोळा झाकला आणि डाव्याने, ऑपरेशन न झालेल्या डोळ्याने फूल पाहिलं. मग डावा झाकला आणि उजव्याने पाहिलं. पुन्हा उजवा झाकला, पुन्हा डावा. दहा वेळा, वीस वेळा. मी जवळच उभी होते. त्यांच्या तोंडून फक्त एवढंच येत होतं, "राख. निरं. राख. निरं."

शेवटी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"एकच फूल हाय," त्या म्हणाल्या. "मॅडम, एकच फूल हाय!" आणि त्या भुईवर बसल्या, चिखलातच. "म्या त्या मानसाले गावातून काढलं."

मी म्हणाले, "तुम्हाला दिसत नव्हतं बाई. यात तुमचा दोष नाही."

"मले दिसत नव्हतं, होय. थो त सांगत होता ना? म्या ऐकलं काऊन नाई?"

हरिदासकडे जायचं त्यांनी तिथेच ठरवलं. दिनेशची तयारी नव्हती. "आता काऊन उकरून काढते माय? थो तिकडे सुखात असन," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. मला एवढंच विचारलं, "तुमी येता का?"

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही चिमूरहून चंद्रपूरला आणि तिथून दुसऱ्या एसटीने गडचांदूरमार्गे कोरपन्याला गेलो. बाईंच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाननिरीची दोन झुडपं, मुळांसकट. राजुऱ्याच्या पुढे कपाशीची शेतं आणि सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या सुरू झाल्या. बाई खिडकीतून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आभार निरं हाय मॅडम. इथीबी." आणि मान फिरवून घेतली.

हरिदास एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. गावाबाहेरच्या चाळीत खोली होती. दार त्याची बायको कमळा हिने उघडलं. तिने सोमारीबाईंना पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ सगळीकडे उडाले. ते गोळा करायला ती वाकली नाही.

"आता काय राह्यलं हो बाई?" ती म्हणाली. "इथवर आल्या?"

आतून हरिदास आला. पन्नाशीचा, वाळलेला, गळ्यात रुमाल. तो दारात थबकला. सोमारीबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. त्यांनी डबा उघडला, फडकं बाजूला केलं. प्रवासात बरीचशी फुलं मिटली होती. एक उघडं होतं.

"हरिदासभाऊ, हे निरं हाय."

हरिदासने फुलाकडे पाहिलं नाही. तो बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग हळूहळू, भिंतीला पाठ घासत, खाली बसला.

"आता म्हनता?" तो म्हणाला.

"माह्या डोऱ्यांत मोतीबिंदू होता. कितीक वरसांपासून. मले निरं दिसतच नव्हतं. तुमी खरं बोलत होते."

शेजारच्या खोलीत टीव्ही लागलेला होता. मग हरिदास बोलायला लागला, आणि तो जे बोलला त्याची मी कल्पनाही केली नव्हती.

"सोमारीबाई, मीबी मानून घेतलं होतं."

"काय?"

"का माहेच डोरे खराब हाय म्हून. सभेत पंचवीस-तीस मानसं होते. फूल हातोहात फिरलं. एक जन म्हने फिक्कं झालं, दुसरा म्हने राखच दिसते, तिसरा म्हने पार उतरलं. मी पाहून राह्यलो त निरं. मले वाटलं, हे सगरे खोटं काऊन बोलतीन? सभा चालवनारे मुखरूभाऊ तिथीच बसले होते, थे कधी खोटं बोलले नाई. म्हनजे माह्यातच काही हाय." त्याने गळ्यातला रुमाल काढून हातात घेतला. "चंद्रपूरले गेलो. एकटा. डोक्टरले म्हनलं, मले एक रंग चुकीचा दिसते. त्यानं ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, काचा लावून पाह्यल्या. म्हने, तुमचे डोरे एकदम चांगले. तवा मले जास्त भेव लागलं. डोरे चांगले म्हनजे डोक्स्यात बिघाड. मंग मी भांडनं सोडून देल्लं. गाव सोडलं थे लोकायच्या भेवानं नाई. पागल होईन म्हून सोडलं."

"हे मले सांगतलं नाई कधी," कमळा नवऱ्याला म्हणाली. "सात वरसं झाले. मले काऊन नाई सांगतलं?"

"तूबी फिक्कं म्हनली असती त?" हरिदास म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग सोमारीबाईंकडे वळली. तिने लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि पाय पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत पांढरे वण होते. "त्या वरसी आमच्या शेतात कोनी नाई आलं. दोघंच रोवत होतो. पायातून रगत यायचं. मी तुमच्या दारात आली होती पानाले. आठवते का? तुमी म्हनलं, तुया नवऱ्यालेच माग."

"आठवते," सोमारीबाई म्हणाल्या.

मला दिसत नव्हतं, वय झालं होतं, गावाने साथ दिली, यातलं काहीही त्या बोलल्या नाहीत. डबा त्यांनी उंबऱ्यावर ठेवला. "सव्वीस जानेवारीले ग्रामसभा हाय. मी सगऱ्यांसमोर बोलीन. तुमी या."

"मी नाई येत," हरिदास म्हणाला.

आम्ही निघायला वळलो. तेव्हा कमळाने एक पेला पाणी आणून सोमारीबाईंसमोर धरला. आम्हाला येऊन पाऊण तास झाला होता. विदर्भात दारात आलेल्याला आधी पाणी देतात आणि मग बोलतात. बाईंनी ते उभ्याउभ्याच प्यायलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात सभा बसली. मी नोंदवही घेऊन गेले होते. विषय संपत आले तशा सोमारीबाई उठल्या. त्यांनी पाननिरीचं फुललेलं झुडूप वर धरलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मुखरूभाऊंच्या हातात दिलं. मुखरूभाऊ ऐंशीचे, गावातले सगळ्यात जुने. सात वर्षांपूर्वी ती सभा त्यांनीच चालवली होती.

"मुखरूभाऊ, रंग सांगा."

म्हाताऱ्याने फूल पाहिलं. मग सोमारीबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"माह्याकडे पाहू नका. फुलाकडे पाहून सांगा."

"निरं," मुखरूभाऊ म्हणाले.

"पुढं द्या."

फूल दुसऱ्याकडे गेलं. निरं. तिसऱ्याकडे. निरं. मागच्या रांगेपर्यंत फूल गेलं. प्रत्येक जण तो शब्द उच्चारत होता. दिनेशच्या हातात आलं तेव्हा तो रडायलाच लागला. "निरं हाय माय. तवाबी निरंच होतं का वं?"

सोमारीबाई पुन्हा मुखरूभाऊंसमोर आल्या. "तवा कसं दिसलं होतं भाऊ? खरं सांगा."

"निरंच," मुखरूभाऊ म्हणाले. त्यांची मान खाली होती. "पन तू म्हनली का राख झाली. तुयी नजर मोठी. आमाले वाटलं, आमाले जे दिसत नाई थे तुले दिसते. मंग दोन-चार जनं म्हनले फिक्कं हाय, त मलेबी थोडं थोडं फिक्कं दिसाले लागलं."

"मी आंधरी होती भाऊ," सोमारीबाई म्हणाल्या. "तुमी त डोरेवाले होते."

बायांच्या रांगेत कोणीतरी हुंदका आवरत होतं. मी वळून पाहिलं. पटांगणाच्या फाटकाशी कमळा उभी होती, प्रवासाची पिशवी खांद्याला. ती कधी आली, तिने किती ऐकलं, कोणाला माहीत नव्हतं. तिला पाहून एकेक बाई उठून उभी राहिली. पण तिच्याजवळ जायचा धीर कोणाला झाला नाही. सोमारीबाईच गेल्या. काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. कमळाने होकार दिला नाही की नकारही दिला नाही.

त्या संध्याकाळी मी नोंदवहीत पाननिरीची नोंद केली. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात सोमारीबाईंचं नाव लिहायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. "थे माहं काम नाई. हरिदासचं नाव टाका." मी तेच टाकलं.

जुलैत रोवण्याच्या दिवसांत मी पुन्हा पळसगोंदीला गेले. इतकी वर्षं पडीक असलेल्या हरिदासच्या बांधीत पाणी भरलं होतं आणि तेवीस बाया ओळीने वाकल्या होत्या. बोलावलेलं कोणीच नव्हतं, सगळ्या आपापल्या आल्या होत्या. सोमारीबाई एका टोकाला होत्या, कमळा दुसऱ्या टोकाला. दुपारी धुऱ्यावर जेवायला बसल्यावरही दोघींमध्ये दहा-बारा बायांचं अंतर होतं. दोघी एकमेकींशी बोलतात का, असं मी पुनमला विचारलं. "कामापुरतं," ती म्हणाली.

हरिदास मात्र कमळाबरोबर आला नव्हता. कारखान्यातून सुट्टी मिळत नाही, असा त्याचा निरोप होता. पुढच्या वर्षी येईल का, असं मी कमळाला विचारलं.

"त्याचं त्याले माहीत," ती म्हणाली. हात धुतले, धानाच्या रोपांची पेंडी उचलली आणि बांधीत उतरली.